जीएनडब्ल्यूएल १४ आणि आरएलडब्ल्यूएल ६ : कोणते तिकीट आधी पक्के होईल?

प्रश्न थोडक्यात असा : कोल्हापूरहून मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसचे चौघांचे स्लीपरचे ऑनलाइन तिकीट काढले आहे. एकाच पीएनआरवर दोघे कन्फर्म, दोघे जीएनडब्ल्यूएल १४ आणि १५. पुढे मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला जायचे आहे, तिथे थ्री टायर एसीत आरएलडब्ल्यूएल ६ मिळाले. सहा हा आकडा चौदापेक्षा लहान, म्हणजे दिल्लीचे तिकीट आधी पक्के होईल ना? मुंबईच्या गाडीत वेटिंगवाले दोघे कन्फर्मवाल्यांबरोबर चढले तर चालते का? आणि जायचेच रद्द झाले तर पैसे किती बुडतात?

दिल्लीचे आधी होईल असे धरून चालू नका, शक्यता उलटीच आहे. वेटिंगचे तिकीट हातात पडले की सगळ्यांची नजर आकड्यावर जाते. पण आकड्याआधीची अक्षरे आधी वाचायची असतात, कारण तुम्ही कोणत्या रांगेत उभे आहात हे ती सांगतात. अंबाबाईच्या देवळात मुखदर्शनाची रांग वेगळी आणि गाभाऱ्याची वेगळी. एका रांगेतल्या सहाव्याची दुसऱ्या रांगेतल्या चौदाव्याशी तुलना होत नाही. इथेही तसेच आहे.

गाडीतले सगळे बर्थ रेल्वे एकाच ढिगातून विकत नाही. ते कोट्यांमध्ये वाटलेले असतात आणि सर्वांत मोठा वाटा सर्वसाधारण कोट्याचा असतो. गाडी जिथून सुटते तिथून, किंवा त्याच्या जवळपासच्या स्थानकांवरून, लांबपर्यंत जाणाऱ्यांना तो मिळतो. त्याचे वेटिंग म्हणजे जीएनडब्ल्यूएल. वाटेतल्या मोठ्या स्थानकांना थोडे बर्थ वेगळे काढून दिलेले असतात, त्यांची रांग आरएलडब्ल्यूएल. मधल्या अनेक लहान स्थानकांमध्ये मिळून एकच छोटा वाटा असतो, तो पीक्यूडब्ल्यूएल. सुटणाऱ्या स्थानकापासून वाटेतल्या एखाद्या स्थानकापर्यंतचे तिकीट कधी आरएसडब्ल्यूएलमध्ये जाते. तत्काळचे वेटिंग टीक्यूडब्ल्यूएल.

जीएनडब्ल्यूएल सर्वांत लवकर सरकते, कारण त्या कोट्यात बर्थ जास्त, म्हणून रद्द होणारी तिकिटेही जास्त. चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, बनताना इतर कोट्यांत न विकलेले बर्थ उरले, तर तेही आधी याच रांगेला मिळतात. आरएलडब्ल्यूएलची रांग मात्र त्या स्थानकाच्या वाट्यातले कुणी तिकीट रद्द केले तरच हलते. वाटा लहान असला तर रद्द होणारी तिकिटेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. गोवा एक्स्प्रेस वास्कोहून सुटते; तिथून दिल्लीला निघालेल्या प्रवाशाने आपले तिकीट रद्द केले, तर त्याचा फायदा वास्कोच्या जीएनडब्ल्यूएलला होतो. मिरजेचा सहावा होता तिथेच राहतो.

कोल्हापूरकर या बाबतीत नशीबवान आहेत. श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे शेवटचे स्टेशन. रूळ इथेच संपतो, त्यामुळे महालक्ष्मी, कोयना, हरिप्रिया, महाराष्ट्र एक्स्प्रेस या गाड्या इथूनच सुटतात आणि कोल्हापूरहून शेवटपर्यंतच्या प्रवासाला आपण सर्वसाधारण कोट्यात बसतो. अडचण मिरजेहून जाणारी उत्तर-दक्षिणेची गाडी धरताना येते. तिथे आपण वाटेतले प्रवासी ठरतो. दिल्लीसाठी कोल्हापूरहून थेट हजरत निजामुद्दीनला जाणारी साप्ताहिक गाडी आहे. तारीख जुळत असेल तर आधी तिचे जीएनडब्ल्यूएल बघावे. आकडा मोठा दिसला तरी मिरजेच्या लहान आकड्यापेक्षा ते बरे असू शकते.

गोवा एक्स्प्रेसनेच जायचे असेल तर एक सरळमार्गी उपाय आहे : तिकीट वास्कोपासून काढायचे आणि बोर्डिंग पॉइंट, म्हणजे चढायचे स्थानक, मिरज ठेवायचा. भाडे वास्कोपासूनचे लागते, पण अंतर वाढेल तसा दर किलोमीटरमागे कमी होत जातो, त्यामुळे फरक वाटतो तितका नसतो. बदल्यात सर्वसाधारण कोटा मिळतो. हे नियमात बसते. मात्र बोर्डिंग पॉइंट तिकीट काढतानाच नोंदवा, किंवा निदान एक दिवस आधी बदलून घ्या. तो न बदलता मिरजेत चढायला गेलात तर टीसीच्या यंत्रावर वास्कोलाच तुमच्या नावापुढे ‘आला नाही’ अशी नोंद होऊन बर्थ दुसऱ्याला गेलेला असू शकतो. आणि एकदा बदलला की आधीच्या स्थानकावरून चढण्याचा हक्क राहत नाही. इचलकरंजीचे लोक तिकीट कोल्हापूरहून काढतात आणि चढतात हातकणंगलेला. त्यांनीही हेच करावे.

आता आकडा. जागा शोधताना जीएनडब्ल्यूएल १४/डब्ल्यूएल ७ असे दिसले तर अर्थ असा : या रांगेत आतापर्यंत १४ क्रमांक वाटले गेले, मधले रद्द होऊन सध्या खरे उभे आहेत ७. तुम्ही आत्ता तिकीट काढले तर १५/८ मिळेल. पीएनआर तपासला की ‘बुकिंग स्टेटस’मध्ये तिकीट काढतानाचा क्रमांक कायम राहतो आणि ‘करंट स्टेटस’मध्ये आजचा येतो. लक्ष दुसऱ्यावर ठेवायचे. पहिला आकडा उपयोगी पडतो तो वेग मोजायला. दहा दिवसांत १४ चे ७ झाले असतील तर रांग जिवंत आहे. १४ चे १३ च असतील तर पर्याय शोधायला लागा.

स्लीपरच्या वेटिंगमध्ये आणखी एक पायरी असते, आरएसी : पूर्ण बर्थ नाही, पण बसायला जागा. वेटिंग १ वरून माणूस थेट पक्क्या बर्थवर जात नाही. कन्फर्म तिकीट एक रद्द झाले की आरएसी १ ला पूर्ण बर्थ मिळतो, मागचे आरएसीवाले एकेक पाऊल पुढे सरकतात आणि वेटिंग १ आरएसीच्या शेपटाला येऊन बसतो. समजा गाडीत आरएसीच्या ६० जागा आहेत. तर वेटिंग १४ ला आरएसीत यायला पुढची १४ तिकिटे रद्द व्हावी लागतात, आणि पूर्ण बर्थ मिळायला त्यावर आणखी ६०. म्हणून सणासुदीला वेटिंग ‘हलते’ पण शेवटी आरएसीवर अडकते, असा अनुभव सर्रास येतो. त्यात फसवणूक काही नाही. गणितच तसे आहे.

आरएसी म्हणजे बसायची हक्काची जागा. बाजूचा खालचा बर्थ दोघांत वाटून देतात. स्लीपरच्या डब्यात आठ-आठ बर्थचे कप्पे असतात, त्यामुळे ७, १५, २३, ३१ असे क्रमांक दिसले की तो बाजूचा खालचा समजा, आणि ८, १६, २४ बाजूचा वरचा. टू टायर एसीत कप्पा सहाचा, म्हणून तिथे ५, ११, १७. भाडे पूर्ण लागते, अर्ध्या बर्थची सवलत नसते. पण आरएसीचे ई-तिकीट रद्द होत नाही, त्यावर गाडीत चढता येते, आणि कुणी आलेच नाही तर तो रिकामा बर्थ देताना आरएसीवाल्यांचा हक्क पहिला. गाडीत चढल्यावर झोपायची घाई न करता टीसीला पहिल्या फेरीतच आपला पीएनआर दाखवून ठेवा. मिरज, सांगली गेल्यावर कोण आले नाही ते त्याच्या हातातल्या यंत्रावर स्पष्ट होते. बसून जायच्या वर्गांत, म्हणजे चेअर कार आणि सेकंड सीटिंगमध्ये, आरएसीची ही भानगड नसते. पुण्याच्या वंदे भारतचे वेटिंग एक तर पक्के होते किंवा राहते.

वर्गानुसार आकड्याचे वजनही बदलते. स्लीपरच्या जुन्या डब्यात ७२ बर्थ, नव्या एलएचबी डब्यात ८०. असे सहा-सात डबे असतील तर वेटिंग ३० ही घाबरण्याची गोष्ट नाही. टू टायर एसीचा एकच डबा असेल, तर वेटिंग ८ देखील जड जाते. फर्स्ट एसीत वेटिंग ३ पाहून निर्धास्त बसणारे लोक शेवटच्या दिवशी हमखास धावपळ करतात. हंगाम तर विचारूच नका. गणपतीच्या आधी मुंबईहून कोल्हापूरकडे येणारी रांग जवळजवळ गोठते, कारण त्या दिवसांत तिकीट रद्द करणारा माणूसच सापडत नाही. उलट दिशेने त्याच दिवशी जागा सहज मिळते. दिवाळीच्या सुट्टीचा शेवट आणि मे महिना यांनाही हेच लागू.

तिकीटविक्रीच्या अ‍ॅपवर ‘८० टक्के शक्यता’ दिसते, तो मागच्या काळातल्या आकड्यांवरून बांधलेला अंदाज असतो. रेल्वेने दिलेली ती हमी नव्हे. साध्या आठवड्यात तो बराच जुळतो. सुट्ट्या जोडून आल्या की कोलमडतो.

आता घड्याळ, कारण पुढचे सगळे निर्णय चार्टच्या वेळेवर टांगलेले आहेत. पूर्वी चार्ट गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागायचा. जुलै २०२५ पासून तो आठ तासांवर आला आणि डिसेंबर २०२५ च्या सूचनेनुसार आणखी मागे गेला : पहाटे ५ ते दुपारी २ या वेळेत सुटणाऱ्या गाडीचा पहिला चार्ट आदल्या रात्री ८ पर्यंत, दुपारी २ नंतर आणि रात्री-पहाटे सुटणाऱ्या गाडीचा किमान दहा तास आधी. कोल्हापुरात याचा अर्थ असा की सकाळी सुटणाऱ्या कोयनेचे चित्र आदल्या संध्याकाळी स्पष्ट होते. रात्री पावणेनऊच्या सुमारास सुटणाऱ्या गाडीचे चित्र सकाळी अकराच्या आसपास. पूर्वी संध्याकाळी पाचपर्यंत जीव टांगणीला लागायचा. आता दुपारी जेवायच्या आधी कळते, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सचे किंवा एसटीचे आरक्षण करायला अख्खी दुपार हातात राहते. महालक्ष्मीच्या वेटिंगवाल्यांनी म्हणूनच दुसरे तिकीट आधीच काढून दुहेरी पैसे अडकवायची गरज नाही. चार्ट बघावा, मग ठरवावे.

चार्टच्या क्षणी रांग एकदम उडी मारते, ती का ते समजून घ्या. तोवर बाजूला ठेवलेले बर्थ तेव्हा मोकळे होतात. आणीबाणी कोट्यातले उरलेले, तत्काळचे न विकलेले, महिला कोट्यातले शिल्लक. शिवाय वरच्या वर्गात जागा रिकाम्या असतील तर खालच्या वर्गातल्या काही कन्फर्म प्रवाशांना जादा पैसे न घेता वर चढवतात. त्यांचे खालचे बर्थ सुटतात आणि वेटिंगला मिळतात. तिकीट काढताना ‘ऑटो अपग्रेडेशन’ला होकार द्यायचा तो यासाठीच. आमदार-खासदारांच्या पत्रावर मिळतो तो आणीबाणी कोटाही याच वेळी वाटला जातो. त्याचा अर्ज चार्टच्या नव्या वेळांमुळे आता आदल्या दिवशीच द्यावा लागतो : दुपारी २ पर्यंत सुटणाऱ्या गाड्यांसाठी आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत, नंतरच्या गाड्यांसाठी आदल्या दिवशी संध्याकाळी ४ पर्यंत. गाडीच्या दिवशी सकाळी पत्र घेऊन धावणाऱ्याला उशीर झालेला असतो.

वेटिंग पक्के झाल्यापासून चार्ट लागेपर्यंत करंट स्टेटसला नुसते सीएनएफ (कन्फर्म) येते, डबा आणि बर्थ येत नाही. यात घाबरण्यासारखे काही नसते. वेटिंगवरून पक्के झालेल्या तिकिटाला क्रमांक चार्ट लागल्यावरच मिळतो. फर्स्ट एसीत तर सुरुवातीपासून कन्फर्म असले तरी कूपे आणि बर्थ चार्टलाच ठरतात. लहान मुलाच्या नावापुढे एनओएसबी दिसले तर ते अर्ध्या भाड्याचे, बर्थ न मागितलेले तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. ‘रिग्रेट’ दिसले तर त्या वर्गाची वेटिंगची मर्यादाही भरली, आता वेटिंगचे तिकीटसुद्धा मिळणार नाही.

चार्ट लागल्यावर ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरचे सगळेच प्रवासी वेटिंगमध्ये असतील तर ते तिकीट आपोआप रद्द होते, नावे चार्टवरून जातात, आणि माणशी ६० रुपये क्लार्केज, म्हणजे रेल्वेचे कार्यालयीन शुल्क, वजा होऊन बाकीचे पैसे ज्या खात्यातून दिले त्यात परत येतात. एसीला त्यावर जीएसटी. आयआरसीटीसीचे सेवाशुल्क मात्र परत येत नाही. ते तिकीट घेऊन गाडीत चढलात तर तुम्ही विनातिकीट. खिडकीवर काढलेले वेटिंगचे तिकीट आपोआप रद्द होत नाही, पण त्यावरही जनरल डब्यातूनच जाता येते. स्लीपर किंवा एसीत सापडलात तर किमान २५० रुपये दंड, वर भाड्याचा फरक, आणि पुढच्या स्टेशनवर उतरवतील ते वेगळेच. खिडकीच्या तिकिटावर स्लीपरमध्ये खाली पेपर अंथरून जायची जुनी सवय मे २०२५ पासून टीसी खपवून घेत नाहीत.

तुमचे मुंबईचे तिकीट या दोन्हींच्या मध्ये येते, आणि गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. एका पीएनआरवर काही कन्फर्म आणि काही वेटिंग असतील तर ते तिकीट आपोआप रद्द होत नाही. चौघांचीही नावे चार्टवर राहतात. पण वेटिंगवाल्या दोघांना बर्थचा हक्क नसतो. त्यांना तुमच्या दोन बर्थवर सामावून घ्यायचे की नाही हे टीसीच्या म्हणण्यावर आणि डब्यातल्या गर्दीवर जाते, आणि त्या भरवशावर आजारी किंवा वयस्कर माणसाला घेऊन निघू नये. म्हणून चार्ट लागण्याआधीच ठरवा.

वेटिंगचे दोघे बसने आले तरी चालणार असेल, तर फक्त त्यांचीच नावे आधी रद्द करा. आयआरसीटीसीवर तिकीट उघडून रद्द करताना प्रत्येक नावापुढे चौकोन असतो, तेवढ्या दोनच नावांवर खूण करायची. माणशी ६० रुपये जातात, कन्फर्मवाल्या दोघांना धक्का लागत नाही. खूण करताना नीट बघा. घाईत चारही नावे निवडून कन्फर्म बर्थ घालवणारे लोक कमी नाहीत.

चौघे एकत्र जायचे नसेल तर कुणीच जायचे नाही, असे असेल तर वेगळा नियम तुमच्या फायद्याचा आहे. एका तिकिटावर काही कन्फर्म आणि काही वेटिंग किंवा आरएसी असतील आणि संपूर्ण तिकीट गाडी सुटण्याच्या ३० मिनिटे आधीपर्यंत रद्द केले, तर कन्फर्म प्रवाशांचेही भाडे फक्त क्लार्केज कापून परत मिळते. चार्ट लागलेला असेल तर हे टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून करायचे, तेही गाडी सुटायला ३० मिनिटे उरण्याच्या आधी. पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसते. ते आधी कन्फर्मवाल्यांची नावे वेगळी रद्द करतात आणि नाहक जास्त कपात सोसतात.

तिसरी शक्यता, दोघे गेले आणि वेटिंगवाले दोघे आलेच नाहीत. मग गाडीत टीसीकडून तसे प्रमाणपत्र लिहून घ्या आणि टीडीआर भरा. टीडीआरच्या कारणांच्या यादीत ‘काही प्रवासी कन्फर्म, वेटिंगवाल्यांनी प्रवास केला नाही’ अशा अर्थाचे कारण असते, तेच निवडायचे. चुकीचे कारण निवडले की अर्ज फेटाळला जातो आणि दाद मागत बसावे लागते.

पूर्ण कन्फर्म तिकीट रद्द केले तर किमान कपात माणशी ठरलेली आहे : सेकंड सीटिंग ६०, स्लीपर १२०, थ्री टायर एसी आणि चेअर कार १८०, टू टायर २००, फर्स्ट एसी २४० रुपये. गाडीची वेळ जवळ येईल तशी ही कपात भाड्याच्या २५ टक्के, मग ५० टक्के होते आणि शेवटी हातात काहीच येत नाही. किती तास आधी कोणती पायरी लागते ते गाडीच्या प्रकारानुसारही बदलते. म्हणून रद्दचे शेवटचे बटण दाबण्याआधी पडद्यावर परत मिळणारी रक्कम वाचावी. कन्फर्म तत्काळ तिकिटाला परतावा नाही. वेटिंगवरच्या तत्काळला आहे, क्लार्केज वजा जाता. तुमचे तिकीट जिथून सुरू होते त्या स्थानकावर गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही तर पूर्ण भाडे परत मिळते, तत्काळचेही, पण टीडीआर गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत भरलेला हवा.

तत्काळच्या वेळा सगळ्यांना पाठ असतात, एसीला सकाळी १० आणि स्लीपरला ११, आदल्या दिवशी. चूक होते ती ‘आदला दिवस’ मोजण्यात. तो तुमच्या चढण्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. गाडी तिच्या पहिल्या स्थानकावरून ज्या दिवशी निघते तिथून मोजतात. उदाहरण घ्या. तिरुपतीहून येणारी हरिप्रिया तिथून रात्री निघते आणि कोल्हापूरला दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचते. तुम्ही बेळगावला बुधवारी दुपारी चढणार असाल तर गाडीची तारीख मंगळवार आणि तत्काळ सोमवारी उघडतो. मंगळवारी सकाळी दहाला संगणक उघडून बसलात तर उरलेसुरले वेटिंगच हाती लागेल. तत्काळचे वेटिंग आरएसीत जात नाही आणि चार्टला सर्वसाधारण रांगेच्या मागे उभे राहते. त्यामुळे टीक्यूडब्ल्यूएल ५ हे जीएनडब्ल्यूएल २० पेक्षा बहुतेक वेळा वाईट. जीएनडब्ल्यूएलचे चांगले सरकणारे तिकीट हातात असताना ते रद्द करून तत्काळच्या वेटिंगमागे लागू नये.

जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ फक्त आधार पडताळलेल्या खात्यावरून मिळते, शिवाय मोबाइलवर ओटीपी येतो, आणि पहिली तीस मिनिटे एजंटांना बंदी असते. साध्या आरक्षणालाही, ते उघडते त्या सकाळी ८ वाजता, आधार जोडलेले खाते लागते. ही जोडणी आदल्या दिवशी तपासा. आठ वाजून दोन मिनिटांनी करायची ती गोष्ट नाही. आरक्षण आता प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होते आणि जुन्या सवयीने चार महिने आधी शोधणारे अजून भेटतात. इथेही तारीख पहिल्या स्थानकाचीच.

पहिला चार्ट लागला म्हणजे विक्री संपली असे नाही. गाडी सुटायच्या साधारण अर्धा तास आधी दुसरा चार्ट निघतो. मधल्या वेळेत रद्द झालेले बर्थ ‘करंट बुकिंग’मध्ये ऑनलाइन आणि खिडकीवर विकले जातात. आयआरसीटीसीवर ‘चार्ट्स/व्हेकन्सी’ नावाचे पान आहे. त्यात गाडी, तारीख आणि चढायचे स्थानक घातले की डब्यांचे चित्र येते, आणि डब्यावर बोट ठेवले की कोणता बर्थ कुठून कुठपर्यंत रिकामा आहे ते दिसते. एखादा बर्थ कोल्हापूर ते पुणे भरलेला आणि पुणे ते मुंबई रिकामा असे तिथे स्पष्ट कळते. साध्या दिवशी महालक्ष्मीचे वेटिंग राहिले असेल तर हे पान दुपारी आणि निघण्याआधी तासाभराने असे दोनदा बघावे.

दिल्लीच्या तिकिटासाठी ‘विकल्प’ही निवडता येईल. तुमच्या गाडीनंतर ३० मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत सुटणाऱ्या, त्याच मार्गावरच्या सात गाड्यांपर्यंत निवड देता येते. चार्टनंतरही वेटिंग राहिले आणि त्यांतल्या एखाद्या गाडीत जागा असली तर जादा पैसे न घेता तिथे बर्थ देतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. चढायचे किंवा उतरायचे स्थानक जवळच्या दुसऱ्या स्थानकावर सरकू शकते. आणि पर्यायी गाडीत जागा मिळाल्यावर तुम्ही ते नाकारले तर कन्फर्म तिकीट रद्द केल्याची कपात लागते, वेटिंगची नव्हे. पुढे दिल्लीत लग्न किंवा परीक्षा असेल आणि एक दिवस इकडे-तिकडे चालणार नसेल तर विकल्पमध्ये दुसऱ्या दिवशीच्या गाड्या निवडू नका.

तुमच्यापुरते सांगायचे तर मुंबईचे दोघे आरएसीत येण्याची शक्यता चांगली आहे, तारीख सणाच्या तोंडावर नसेल तर पूर्ण बर्थचीही. ते तिकीट ठेवा आणि चार्टच्या आधी सकाळी नऊच्या सुमाराला एकदा पीएनआर बघा. १३९ वर पीएनआर एसएमएस केला तरी स्थिती कळते. दिल्लीच्या आरएलडब्ल्यूएल ६ वर मात्र विसंबू नका. वास्कोपासून जीएनडब्ल्यूएल किंवा कन्फर्म मिळते का ते आजच बघा. मिळाले तर ते आधी काढा आणि मिरजेचे नंतर रद्द करा, ६० रुपये माणशी जातील तेवढेच. उलटा क्रम करू नका, नवे तिकीट हातात येण्याआधी जुने सोडले तर परत रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते.